तळपायावरचा काळा डाग : मेलॅनोमाची ओळख

कर्करोग हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर तंबाखूने होणारा तोंडाचा कर्करोग येतो, स्त्रियांना होणारा स्तनाचा किंवा गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग येतो. ते साहजिकच आहे, कारण आपल्या देशात याच रोगांचे रुग्ण अधिक आढळतात. कातडीचाही कर्करोग असतो हे मात्र पुष्कळांना माहीत नसते, आणि ज्यांना माहीत असते ते ‘तो गोऱ्या लोकांचा रोग’ म्हणून विषय सोडून देतात. या समजुतीत अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे ठाऊक नसल्यामुळे आपल्याकडील रुग्ण डॉक्टरांपर्यंत फार उशिरा पोहोचतात. ते उरलेले अर्धे सत्य सभासद बंधु-भगिनींपुढे आणि विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही वैद्यकीय शाखेचे नाही, कला शाखेचे आहोत. तेव्हा वाचून जे समजले ते साध्या भाषेत मांडीत आहोत. रोगाचे निदान करणे हे डॉक्टरांचे काम. पण डाग वेळेवर त्यांच्यासमोर नेणे हे आपलेच काम आहे.

कातडी आणि तिचा रंग

कातडी म्हणजे शरीरावरचे नुसते पांघरूण नव्हे. तो एक अवयव आहे. मोठ्या माणसाची सगळी कातडी पसरली तर ती सुमारे दीड ते दोन चौरस मीटर भरेल. तिचे दोन मुख्य थर आहेत : वरची बाह्यत्वचा आणि तिच्याखालची अंतस्त्वचा. बाह्यत्वचेच्या अगदी तळाशी ‘मेलॅनोसाइट’ नावाच्या रंगपेशी असतात. त्या ‘मेलॅनिन’ हे रंगद्रव्य तयार करतात आणि शेजारच्या पेशींना पुरवतात. उन्हातील अतिनील किरणांपासून पेशींचे रक्षण करणे हे या रंगद्रव्याचे मोठे काम आहे. एका अर्थी ती कातडीने स्वतःवर धरलेली छत्रीच होय.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गोरा माणूस आणि काळा माणूस यांच्या कातडीतील रंगपेशींची संख्या साधारण सारखीच असते. त्या पेशी किती आणि कोणत्या प्रकारचे रंगद्रव्य बनवतात, एवढाच काय तो फरक. ज्या रंगावरून जगात एवढे भेद माजले, त्याचे मूळ एवढेसे आहे.

या रंगपेशी एका जागी पुंजक्याने जमल्या की आपण त्याला तीळ म्हणतो. बहुतेक सर्व तीळ निरुपद्रवी असतात व जन्मभर तसेच राहतात. परंतु रंगपेशींची वाढ बेबंद होऊ लागली, त्या आपली जागा सोडून खालच्या थरात घुसू लागल्या, की त्या रोगाला ‘मेलॅनोमा’ म्हणतात. तो जुन्या तिळातून उद्भवू शकतो. पण बहुतेक वेळा तो पूर्वी जेथे काहीच नव्हते अशा कातडीवर नव्याने येतो.

कातडीच्या कर्करोगाचे इतरही प्रकार आहेत. त्यांतील ‘बेसल सेल’ आणि ‘स्क्वॅमस सेल’ हे दोन मुख्य. ते जगात अधिक आढळतात, पण बहुधा आहे त्याच जागी सावकाश वाढतात. मेलॅनोमा संख्येने कमी असला तरी अधिक घातक आहे, कारण तो लसिकाग्रंथींत आणि तेथून फुप्फुस, यकृत, मेंदू अशा दूरच्या अवयवांत पसरू शकतो.

जुना रोग, नवे ज्ञान

लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी १७८७ साली एका रुग्णाच्या जबड्याजवळची काळी गाठ काढली होती. तिला काय म्हणावे हे त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हते. पण ती गाठ जपून ठेवण्यात आली, आणि १९६८ साली सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर ती मेलॅनोमाची ठरली. हा एक स्वतंत्र रोग आहे असे प्रथम मांडले ते फ्रान्सच्या रेने लॅनेक यांनी, १८०४ सालच्या व्याख्यानात. डॉक्टरांच्या गळ्यातील स्टेथोस्कोप १८१६ साली शोधून काढणारे लॅनेक ते हेच.

पुढे या रोगाचा उन्हाशी असलेला संबंध स्पष्ट झाला. गोऱ्या वर्णाचे लोक प्रखर उन्हाच्या प्रदेशात जाऊन वसले, तेथे हा रोग सर्वाधिक दिसतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश त्यात आघाडीवर आहेत. ऑस्ट्रेलियात १९८१ साली ‘अंगात सदरा घाला, मलम लावा, डोक्यावर टोपी ठेवा’ अशा आशयाची मोठी लोकशिक्षण मोहीम सुरू झाली. २०२० साली साऱ्या जगात मेलॅनोमाचे सुमारे ३ लाख २५ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ५७ हजार लोक या रोगाने दगावले, असा अंदाज आहे. भारतात मात्र हा रोग विरळा आहे. वर्षाला एक लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी रुग्ण, असे प्रमाण येथे आहे.

इथवर आपण पाहिले ते पहिले अर्धे सत्य. आता दुसरे.

छत्री जेथे नाही तेथे

आपला हात उलटा-सुलटा करून पाहा. हाताची पाठ सावळी आणि तळवा फिका. तळपायाचेही तसेच. सावळ्या माणसाच्या तळव्यांची, तळपायांची कातडी फिकी असते. रंगाचे संरक्षण तेथे कमी. पण या जागांवर ऊन तरी कोठे पडते? म्हणून तेथे काही होणार नाही असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत, आफ्रिकी वंशाच्या लोकांत आणि चीन-जपानकडील लोकांत मेलॅनोमा उद्भवतो तो बहुधा याच जागी : तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. अमेरिकेतील रोगनिदानतज्ज्ञ रिचर्ड रीड यांनी १९७६ साली या प्रकाराचे वेगळे वर्णन केले. हातापायांच्या टोकांना होणारा म्हणून त्याला ‘ॲक्रल’ मेलॅनोमा म्हणतात. या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंध आढळलेला नाही. त्यामुळे टोपी आणि मलम यांवर भिस्त ठेवून तो टळत नाही. त्याला ओळखणे हाच मुख्य उपाय उरतो.

न ओळखल्यास काय होते ते अमेरिकेतील आकडे सांगतात. तेथे कृष्णवर्णीयांना मेलॅनोमा गोऱ्यांपेक्षा कितीतरी कमी होतो. पण निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण गोऱ्यांत ९० टक्क्यांहून अधिक, तर कृष्णवर्णीयांत सुमारे ७० टक्के आहे. होतो कमी, पण ज्याला होतो त्याला अधिक गाठतो. कारण रोगाचा प्रकार वेगळा, आणि निदान उशिरा. रुग्णाच्या मनात संशय येत नाही, आणि कधी कधी डॉक्टरांच्याही मनात येत नाही.

याचे जगाला माहीत असलेले उदाहरण म्हणजे जमैकाचे गायक बॉब मार्ले. त्यांना फुटबॉलचे वेड होते. पायाच्या अंगठ्याची दुखापत खेळातली आहे असे समजले जात होते. १९७७ साली तपासणीत तो नखाखालचा मेलॅनोमा असल्याचे कळले. अंगठा काढण्याचा सल्ला मिळाला. परंतु आपल्या धर्मश्रद्धेमुळे त्यांनी तो मानला नाही. नख आणि त्याखालील भाग काढून तेथे कातडीचे कलम करण्यात आले. सप्टेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना ते कोसळले, तेव्हा रोग शरीरात पसरला होता. ११ मे १९८१ रोजी वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अंगठा काढला असता तर ते वाचलेच असते, असे म्हणता येणार नाही. पण पायाच्या एका नखाखाली एवढे मोठे संकट दडून बसू शकते, एवढे तरी या उदाहरणावरून पटावे.

ओळखायचे कसे?

अंगावरील तीळ पाहताना लक्षात ठेवण्यासाठी न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ साली चार खुणा सांगितल्या. २००४ साली त्यांत पाचवीची भर पडली. त्या अशा :

१) तिळाच्या मधोमध रेघ कल्पिली तर दोन्ही अर्धे सारखे दिसत नाहीत.
२) कडा गुळगुळीत नसून वेड्यावाकड्या, पसरलेल्या किंवा फुटलेल्या दिसतात.
३) रंग एकसारखा नसतो, एकाच डागात काळा, तपकिरी, निळसर, लालसर, पांढरट अशा छटा दिसतात.
४) रुंदी ६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा, अधिक असते.
५) डाग बदलत जातो : वाढतो, उंच होतो, खाजतो, त्यातून रक्त वा पाणी येते.

पाचही खुणा दिसायला हव्यात असे नाही. त्यांतील पाचवी खूण, म्हणजे बदल, आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण ती ओळखायला शिक्षण लागत नाही, फक्त लक्ष लागते.

परंतु तळपायावर या खुणा नेहमी लागू पडत नाहीत. तेथे डाग पसरट शाई सांडल्यासारखा असू शकतो, किंवा नुसती न भरणारी जखम असू शकते. काही मेलॅनोमात काळा रंगच नसतो. ते गुलाबी किंवा लाल मांसल गाठीसारखे दिसतात. म्हणून पाय आणि नखे यांसाठी ब्रिटनमधील तज्ज्ञांनी २०१० साली निराळ्या पाच खुणा सुचविल्या. डागाला कोणताही वेगळा रंग आहे. हे नेमके काय आहे याची खात्री होत नाही. रक्त किंवा पाणी येते. उपचार करूनही वाढते. दोन महिने झाले तरी बरे होत नाही. यांपैकी दोन गोष्टी जुळल्या तरी तज्ज्ञांना दाखवावे, असे त्यांचे म्हणणे आहे.

आपल्याकडे नेमके येथेच घोडे अडते. तळपायाला काही झाले की ते कुरूप आहे, घट्टा आहे, काटा मोडला आहे, चप्पल लागली आहे, असे आपणच ठरवून टाकतो. मग ब्लेडने तासणे, बिब्बा घालणे, मेडिकल दुकानातून कॉर्नची पट्टी आणून चिकटवणे सुरू होते. मधुमेही माणूस असेल तर ‘साखरेची जखम’ म्हणून वर्षभर मलमपट्टी होते. बहुतेक वेळा ते खरोखरच कुरूप असते, साधी जखमच असते. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण जी जखम दोन महिन्यांत भरत नाही तिला कुरूप म्हणत राहणे योग्य नव्हे. बिब्ब्याने आणि ब्लेडने वेळ तर जातोच, शिवाय डागाचे मूळ रूप बिघडून डॉक्टरांनाही ओळखणे अवघड होते.

नखाची गोष्ट

नखांवर उभी तपकिरी रेघ दिसली की लगेच धसका घेऊ नये. सावळ्या लोकांच्या अनेक नखांवर अशा रेघा असतात व त्या स्वाभाविक असतात. एकाच नखावर, त्यातही हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याच्या नखावर, नव्याने रेघ उमटली, ती रुंद होत गेली, गडद झाली किंवा नख दुभंगू लागले, तर दाखवावे. नखाच्या मुळाशी किंवा बाजूला असलेल्या कातडीवरही काळेपणा उतरला तर मुळीच थांबू नये. इंग्लंडचे डॉक्टर जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ साली या खुणेकडे लक्ष वेधले. तेव्हापासून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

ठेच लागून नखाखाली रक्त साकळले तरी नख काळे पडते. हे आणि ते वेगळे कसे ओळखावे? साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्याने. काळ्या डागामागे मुळाकडून स्वच्छ नख येऊ लागले तर ती ठेच समजावी. डाग मुळापासूनच येत राहिला, सरकलाच नाही, तर ठेचेला दोष देऊ नये. वहीत तारीख टाकून महिन्याने पुन्हा पाहावे. फरक न दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

कार्डाएवढी जाडी

मेलॅनोमा किती रुंद आहे यापेक्षा तो कातडीत किती खोल गेला आहे यावर रुग्णाचे भवितव्य अधिक अवलंबून असते. हे दाखवून दिले अमेरिकेतील डॉ. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी, १९७० साली. काढलेल्या गाठीची जाडी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. ज्यांची गाठ ०.७६ मिलिमीटरपेक्षा पातळ होती, अशा त्यांच्या रुग्णांत रोग परतला नव्हता की पसरला नव्हता. आता हा आकडा आमच्या चांगल्या परिचयाचा आहे. बँकेचे एटीएम कार्ड नेमके ०.७६ मिलिमीटर जाडीचे असते! खिशातले कार्ड काढून त्याची कड पाहावी. हलका रोग आणि भारी रोग यांतील अंतर किती थोडे आहे ते कळेल. पुढील अभ्यासांत पातळ गाठही क्वचित पसरते असे आढळले. तरी जाडी मोजण्याची ही रीत आजही जगभर चालू आहे.

अमेरिकेतील नोंदींनुसार रोग कातडीपुरता असताना सापडला तर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या जवळ जाते. दूरच्या अवयवांत पसरल्यावर ते सुमारे ३५ टक्क्यांवर येते. पातळ गाठ जाड होण्यास जो काळ लागतो, तोच काळ आपण बिब्ब्यात आणि मलमात घालवतो.

उपचार आणि गैरसमज

संशय आल्यास त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाच्या भिंगाने डाग पाहतात आणि गरज वाटल्यास त्याचा तुकडा किंवा पूर्ण डाग काढून तपासणीस पाठवतात. त्यालाच बायॉप्सी म्हणतात. ‘चाकू लावला की कर्करोग भडकतो’ ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. ती खरी नाही. तपासणी टाळल्याने रोग थांबत नाही. तो फक्त नजरेआड वाढतो.

मुख्य उपचार शस्त्रक्रियेचा. जाडी पाहून गाठीभोवतीची एक ते दोन सेंटिमीटर निरोगी कातडीही काढतात. पायाला रोग असेल तर जांघेतील गाठींत तो पोहोचला आहे का, हे पाहण्यासाठी तेथील पहिली लसिकाग्रंथी काढून तपासतात. ही पद्धत १९९२ साली प्रसिद्ध झाली. पायाला जखम झाली की जांघेत येणाऱ्या गाठीला आपण अवधाण म्हणतो. तळपायावर डाग आणि जांघेत न जाणारे अवधाण असे दिसले तर ते विशेष गंभीर मानावे.

पसरलेल्या रोगावर पूर्वी फारसा इलाज नव्हता. २०११ सालापासून शरीराच्या प्रतिकारशक्तीला रोगावर सोडणारी औषधे आली. त्यांमागील संशोधनाबद्दल अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकु होंजो यांना २०१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही प्रगती मोठी आहे. पण ही औषधे महाग आहेत, आणि तळपायाच्या मेलॅनोमात त्यांचा गुण तुलनेने कमी येतो. म्हणून पुन्हा तेच : लवकर ओळखलेला बरा.

आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. कोड म्हणजे कर्करोग नव्हे. आणि मेलॅनोमा हा स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा कपड्यांनी पसरत नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळी ठेवण्याचे काहीही कारण नाही. माणसाला वेगळे बसवण्याचे दुःख काय असते, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

आपण काय करावे?

महिन्यातून एक दिवस ठरवावा. आंघोळीनंतर, चांगल्या उजेडात, दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्या, टाचा, तळहात आणि वीसही नखे पाहावीत. स्वतःचा तळपाय स्वतःला नीट दिसत नाही. आरसा धरावा किंवा घरातील माणसाला पाहायला सांगावे. भगिनींनी त्या दिवशी नेलपॉलिश पुसून पाहावे. पायांना मेंदी असेल तर ती उतरल्यावर आठवणीने पाहावे. नवा किंवा बदलणारा डाग दिसला तर तारीख लिहून ठेवावी. तळपायावरचा तीळ परदेशप्रवास घडवतो की नाही याची चिकित्सा करीत बसण्यापेक्षा तो वाढतो आहे की नाही हे पाहावे.

जिल्हा रुग्णालयात आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात दाखवावे. मुंबईत परळ येथे १९४१ पासून टाटा मेमोरियल रुग्णालय कर्करोगाच्या सेवेत आहे. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे. शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. खर्चाच्या धास्तीने पहिली तपासणी लांबवू नये. लवकर सापडलेल्या रोगाचा खर्चही कमी असतो.

विद्यार्थी मित्रांना शेवटी एकच विनंती. घरातील आजी-आजोबांचे पाय आयुष्यभर अनवाणी चालून भेगाळलेले असतात. त्यांची नजर कमी झालेली असते, आणि दुखत नाही तोवर ते कुणाला काही सांगत नाहीत. हा रोग सुरुवातीला बहुधा दुखतही नाही. तेव्हा येत्या रविवारी त्यांना उजेडात बसवा, पाय धुऊन पुसा आणि तळपाय नीट पाहून घ्या. काही आढळले नाही तर उत्तमच. आढळले तर सोमवारी सकाळी त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा.